चमच्याची साक्ष

आमच्या तीर्थरूपांच्या पश्चात त्यांच्या चीजवस्तूंची वाटणी झाली, तीत एका चांदीच्या चमच्याने थोडा घोटाळा केला. वस्तुतः चमचा बिचारा खरेच बोलत होता. त्याची भाषा आम्हांपैकी कोणासही येत नव्हती, इतकेच.

पवई येथील अभियांत्रिकी शिक्षणाची संस्था १९५८ साली सोव्हिएट साहाय्याने निघाली. तीर्थरूप तेथे अध्यापक होते व पुढे वर्षभर मॉस्कोस राहून आले. ज्या वृद्ध प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी काम केले, त्यांच्या पत्नीने निरोपाच्या वेळी हा चमचा त्यांच्या हाती ठेविला. चहाचा लहानसाच चमचा. दांड्यावर कोणाच्या तरी नावाची आद्याक्षरे वेलबुट्टीत गुंफलेली. आमच्या घरी त्याची ख्याती अशी की, झारचा जवाहिऱ्या फाबेर्जे याच्या दुकानी तो घडला. मातोश्री तो पेटीतून काढून पाहुण्यांस दाखवीत व पुन्हा मलमलीत गुंडाळून ठेवीत. वाटणीच्या वेळी अक्काने तो मागितला. त्याचे मोल फार, हे सर्वांसच मान्य असल्यामुळे आईच्या सोन्याच्या पाटल्या आमच्या घरी आल्या. वाटणी अगदी न्याय्य झाली असे आम्हांस वाटले. पाटल्या कपाटात गेल्यावर तर अधिकच वाटले.

पुढे नातीच्या परदेशच्या शिक्षणाकरिता अक्काने चमचा विकण्याचे मनात आणिले. पेठेतल्या एका सराफाने भिंगातून पाहून सांगितले, "चौऱ्याऐंशी टक्के. भेसळीचा माल आहे." अक्का तशीच आमच्याकडे आली व म्हणाली, "तू एवढा शिकलेला, तूच वाच काय लिहिलंय ते."

आम्ही भिंग घेऊन बसलो. दांड्याच्या पाठीवर चार बारीक ठसे होते. पहिला ८४ हा अंक. सराफाची चूक येथेच झाली. हे शेकडा प्रमाण नव्हे. जुन्या रशियन पौंडाचे ९६ झोलोत्निक होत, आणि चांदीचा कस त्याच मापाने सांगत. ९६ भागांत ८४ भाग चांदी, उरलेले १२ भाग बहुधा तांबे. म्हणजे हजारी ८७५. ज्यांच्या घरी बारा मासे व शहाण्णव गुंजा यांचा तोळा होता, त्या आम्हांस हा हिशेब परका वाटण्याचे कारण नव्हते. इंग्रजांची स्टर्लिंग चांदी हजारी ९२५ असते, तिच्यापुढे ही उणी खरी. पण झारच्या काळी घरोघरची भांडी याच कसाची असत. ८८ व ९१ हे वरचे कसही होते, परंतु ते तितके आढळत नाहीत. दुसरा ठसा घोड्यावर बसून अजगरास भाला मारणाऱ्या वीराचा: संत जॉर्ज, मॉस्को नगरीचे चिन्ह. पीटर्सबर्गचा माल असता तर एकावर एक आडवे दोन नांगर व मधून राजदंड दिसता.

तिसऱ्या ठशाने आमची फजिती केली. इंग्रजी 'बी' व 'सी' ही दोन अक्षरे, आणि त्यांच्याशी १८७४ हा अंक. ख्रिस्तपूर्व १८७४! क्षणभर आम्ही खरोखरच स्तिमित झालो. तीस वर्षे इंग्रजी शिकविल्याचा हा परिणाम. रशियन लिपीत जो 'बी' दिसतो तो 'व', आणि 'सी' दिसतो तो 'स'. व. स. म्हणजे व्हिक्टर साविन्कोव्ह, १८५५ पासून १८८८ पर्यंत मॉस्कोचा सरकारी कसनीस. दागिना घडविणारा हा नव्हे. दुसऱ्याने घडविलेल्या मालाचा कस घेऊन त्याखाली आपले नाव व साल घालणारा. काळ्या कसोटीवर वस्तू घासावी, शेजारी ठाऊक कसाच्या सुईचा कस काढावा, त्यांवर आम्ल सोडावे आणि रंग ताडून पाहावा, अशी ही रीत. आमचे जुने सोनार काही निराळे करीत नसत. फरक इतकाच की, पीटर बादशहाच्या १७०० सालच्या फर्मानापासून रशियात हे सरकारचे काम झाले. उत्तरपत्रिकेवर सही करणाऱ्या आम्हां परीक्षकांस या साविन्कोव्हविषयी एकदम आपलेपणा वाटला. चुकीचा कस त्याने दिला असता तर दीडशे वर्षांनंतरही लोकांनी त्याचेच नाव घेतले असते.

पुढे या नावांचे काय झाले, तेही मोठे चमत्कारिक आहे. १८९९ पासून ठशात डोक्यास कोकोश्निक हा शिरोभूषणाचा प्रकार ल्यालेली, डावीकडे पाहणारी एक स्त्री आली. कसनिसाची अक्षरे तिच्याजवळ कशीबशी टिकली. १९०८ मध्ये तिने मान उजवीकडे वळविली आणि अक्षरे गेली. त्यांच्या जागी प्रांताचे एक ग्रीक अक्षर बसले, पीटर्सबर्गास आल्फा व मॉस्कोस डेल्टा. १९२७ मध्ये ती स्त्रीही गेली व हातोडा घेतलेला कामगार आला. सोय झाली असेल. परंतु जबाबदार मनुष्य ठशातून निघून गेला, याचे आम्हांस वाईट वाटते.

चौथा ठसा कारागिराचा. तो इतका झिजला होता की दोहोंपैकी एकच अक्षर, 'क', लागले, आणि 'क' तर मॉस्कोत पुष्कळ. ओव्चिन्निकोव्ह, ख्लेब्निकोव्ह यांसारखे मोठे पेढीवाले आपले नाव सबंध उमटवीत, तेही शेवटच्या एका मुक्या अक्षरासह. १९१८ च्या लेखनसुधारणेने ते अक्षर अशा जागी गाळले गेले. म्हणून त्यापूर्वीच्या म्हणविल्या जाणाऱ्या शिक्क्यात ते न दिसल्यास संशय घ्यावा. आमच्या चमच्यात लबाडीस जागाच नव्हती. लबाडी करणारा एवढा गरीब ठसा कशाला मारील?

आणि फाबेर्जे? कार्ल फाबेर्जेने पीटर्सबर्गची वडिलोपार्जित पेढी १८७२ साली हाती घेतली. मॉस्कोची शाखा १८८७ ची. १८७४ साली मॉस्कोत कस लागलेला चमचा त्याच्या तेथल्या दुकानचा असणे शक्यच नव्हते.

मग तीर्थरूप खोटे बोलले काय? त्या रात्री आम्ही त्यांची मॉस्कोची रोजनिशी काढिली. फाबेर्जेचे नाव तीत कोठेच नाही. एवढेच आहे: 'बाईंनी चमचा दिला. त्यांच्या आजीच्या बारांपैकी हा एकच राहिला. बाकीचे १९३३ साली पिठासाठी गेले.' हे कोठे गेले असतील, ते इतिहासात पाहावयास मिळते. परदेशी चलन मिळवण्याकरिता सोव्हिएट सरकारने १९३१ ते १९३६ पर्यंत 'तोर्ग्सिन' नावाची दुकाने चालविली. दुष्काळात लोक तेथे सोनेचांदी देऊन धान्य नेत. चांदी वजनावर जाई. वेलबुट्टीस कोण विचारतो?

तेव्हा फाबेर्जे आमच्या घरात शिरला कसा, हे आठवणे भाग पडले, आणि ते फार लवकर आठवले. कॉलेजात असताना झारच्या रत्नजडित अंड्यांवरचे एक पुस्तक आमच्या हाती आले होते. ते वाचून आम्हीच मातोश्रींस म्हणालो होतो, "आपला चमचाही त्याचाच असणार." तीर्थरूप तेथेच होते. काही न बोलता ते वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत गेले. आईचा उजळलेला चेहरा त्यांस मोडवला नसावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाटल्या घेऊन अक्काकडे गेलो व सर्व हकीकत सांगितली. तिने चारही ठसे पुन्हापुन्हा वाचून घेतले. पिठाच्या ओळीपाशी मात्र ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "म्हणजे तो अंडीवाला तूच आणलास होय!" आम्ही मान खाली घातली. नातीच्या खर्चाकरिता पाटल्या तिने ठेवून घेतल्या. चमचा तरी आम्हांस मिळेल अशी एक अंधुक आशा होती. परंतु तोवर तिने तो धुऊन साखरेच्या डब्यात घातला होता.