मोठा हो, शतायुषी हो

वडीलधाऱ्यांच्या पाया पडले की आमच्या घरी एकाच दमात दोन आशीर्वाद मिळत: मोठा हो, शतायुषी हो. हे दोन्ही एकमेकांच्या आड येऊ शकतील, अशी शंका कुणाच्या मनाला शिवली नव्हती.

१९९३ साली कॅलिफोर्नियात सिंथिया केनियन यांना आढळले, की जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीचा 'डाफ-२' हा जनुक दुबळा झाला तर दोन-तीन आठवड्यांचे त्याचे आयुष्य दुपटीहून अधिक होते. आणि तेही हिंडते-फिरते. १९९७ मध्ये उलगडा झाला, की हा जनुक आपल्या शरीरात इन्शुलिन आणि त्याच्या कुळातील वाढघटक यांचा निरोप ऐकणाऱ्या प्रथिनांचाच भाऊबंद आहे. 'सुबत्ता आहे, वाढा, प्रजा होऊ द्या' असा तो निरोप. तो क्षीण झाला की पेशी दुष्काळ पडला असे समजते आणि नवे बांधकाम थांबवून डागडुजीला लागते. डागडुजीचा हा कारभार पाहणारा 'डाफ-१६' जनुक काढून टाकला, तर वाढीव आयुष्यही जाते. छोट्या जातीचे कुत्रे थोराड कुत्र्यांहून अधिक जगतात, त्यातही या वाढघटकाचा हात असावा असे मानतात.

गेली अकरा वर्षे मी रोज इन्शुलिन टोचून घेतो. साहजिकच हे वाचताना मन चरकले: जे मला जगवते, तेच मला म्हातारे करीत आहे काय? पण मग १९२२ सालचा टोरांटोचा लिओनार्ड थॉम्पसन आठवतो. मधुमेहाने अस्थिपंजर झालेला हा चौदा वर्षांचा मुलगा इन्शुलिनमुळेच वाचला. त्यापूर्वी अशा मुलांना उपाशी ठेवणे एवढाच उपचार होता. निरोप मंद होणे वेगळे, मुकाच होणे वेगळे.

माणसातील उदाहरण इक्वेडोरच्या दक्षिण भागातले. तेथे लॅरॉन व्याधीची, साडेतीन-चार फुटी माणसे आहेत. त्यांच्या शरीराला वाढीच्या संप्रेरकाची हाक ऐकूच येत नाही. डॉ. हाइमे गेव्हारा-अगिरे यांनी सुमारे शंभर जणांवर दोन दशके लक्ष ठेवले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यात मधुमेह एकालाही नव्हता, कर्करोग एकालाच, आणि तोही जीवघेणा नव्हता. पुष्कळजण लठ्ठ असूनही! तरी ती माणसे शतायुषी होत नाहीत. अपघात आणि दारू त्यांना आधीच गाठतात.

अशा मुलांची उंची वाढवणारे वाढघटकाचे इंजेक्शन आता आहे. ते बालपणीच द्यावे लागते. म्हातारपणी कर्करोग टळावा म्हणून कोणते आईबाप ते नाकारतील? मी तरी नाकारले नसते.