कुंडीचे वजन

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दिवेआगरच्या आमच्या वाडीतील बहुतेक पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठ्याची ती झाडे. नवे रोप लावले तरी सुपारी धरायला पाच-सात वर्षे जातात. आईने तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. हा हिशेब तिने कधी मोठ्याने केला नाही. आम्हीही केला नाही.

आम्ही दोघेही पुण्यात मराठी शिकवतो. त्या दिवाळीला येताना मुठीएवढा गोल निवडुंग घेऊन आलो आणि माजघराच्या खिडकीत ठेवला. "याला काही करावे लागत नाही," असे आईला सांगितले. वर्गात निवडुंग आला की कोरडेपणा, एकाकीपणा अशी प्रतीके आम्ही सराईतपणे उलगडून दाखवतो. पण ते वाक्य बोलताना त्यात आमचीच सोय दडली आहे, हे काही ध्यानात आले नाही.

जन्मभर वाडी शिंपलेल्या हाताला हे कसे पटावे? पूजा आटोपली की आई रोज पळीभर पाणी त्याला घालीत असे. २०२४च्या शिमग्याला आलो, तर निवडुंग बुडाशी पिवळा आणि मऊ पडलेला. या कुळाचे मूळ घर अमेरिका खंडातले. दिवसा रंध्रे मिटून घ्यायची आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडायची, अशी त्याची पाणी राखण्याची रीत. आमच्या दमट हवेत कुंडीतील माती वाळतच नाही; मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

आम्ही वर्तमानपत्राची घडी त्याच्याभोवती गुंडाळून त्याला अलगद उपसले. काळी पडलेली मुळे कापली, मऊ भाग निरोगी गर दिसेपर्यंत तासला आणि जखम सुकावी म्हणून त्याला आठवडाभर सावलीत कोरडेच ठेवले. समुद्राची वाळू खारट, म्हणून नदीची जाडसर वाळू आणली. तीत विटांचा चुरा आणि थोडेसे शेणखत मिसळले. प्लास्टिकची कुंडी टाकून मातीची, बुडाला भोक असलेली, जेमतेम बोटभर मोठी कुंडी घेतली. लावल्यावरही लगेच पाणी घातले नाही.

आई हे सारे बघत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

प्रश्न निवडुंगापुरता नव्हता. वाडी गेल्यापासून तिच्याकडे कोणीही काही मागत नव्हते आणि आम्ही भेट आणली तीही न मागणारीच. सुखी ठेवण्याच्या नादात आपण माणसाला किती सहज बिनकामाचे करून टाकतो!

मग आम्ही तिला एक काम दिले. रोज कुंडी उचलून पाहायची. जड लागली तर तशीच ठेवायची. अगदी हलकी झाली, तरच पाणी घालायचे. पावसाळ्यात पाणी नाहीच. उचलणे मात्र चुकवायचे नाही.

आता फोनवर प्रकृतीची चौकशी केली, की ती आधी कुंडीचे वजन सांगते. त्या श्रावणात म्हणाली, "अजून जडच आहे रे." त्या स्वरात वाडीवरून नुकत्याच परतलेल्या माणसाचा थकवा होता आणि समाधानही.