मापात पाप नको

अब्बा 40 वर्षं सुतारकाम करतात. गेली काही वर्षं ते साउंडवाल्यांसाठी बेसच्या पेट्याही बनवतात. मागच्या लग्नसराईत एका गिऱ्हाइकाचा 18 इंची स्पीकर फाटला. नवा बसवला, तोही फाटला. 'चाचा, पेटीच चुकलीय तुमची,' असं तो चारचौघांत म्हणाला आणि राहिलेले पैसे अडवले. पैशांचं अब्बांना फारसं वाटलं नाही, तो शब्द मात्र लागला. दोन दिवस धड जेवले नाहीत.

मी म्हटलं, 'भांडण नको अब्बा, मोजून बघू.'

पोर्टवाली पेटी म्हणजे फुंकर घातल्यावर घुमणारी बाटलीच. आतली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि पोर्टमधली हवा तिच्यावर मागेपुढे झुलते. एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला जवळपास सगळा आवाज पोर्टच देतो, कोन जेमतेम हलतो. हेच पेटीचं ट्यूनिंग. त्याच्या खाली गेलं की हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलू लागतो. म्हणून ट्यूनिंगच्या जरा खाली फिल्टर लावतात. अब्बांनी 40 हर्ट्झ सांगितलं होतं, त्यानुसार गिऱ्हाइकाने फिल्टर 35 वर ठेवला होता.

लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. साउंड कार्ड आणि 100 ओहमचा रेझिस्टर जोडून इम्पीडन्स मोजला. आलेखात दोन शिखरं आली. त्यांच्या मधल्या दरीचा तळ जिथे, तिथे ट्यूनिंग. खात्रीसाठी पोर्टमध्ये गोधडी कोंबली, तर एकच शिखर उरलं. म्हणजे जोडणी बरोबर होती.

तळ 45 वर होता.

खरं सांगतो, मला 40 दिसायला हवं होतं. तीनदा मोजलं. 45च.

मग 45चा सूर हळू आवाजात लावला. अब्बांनी कोनला अलगद बोट लावलं, पोर्टसमोर तळहात धरला. कोन जवळपास गप्प, पोर्टातून वारा. काही न बोलता ते जुनी वही घेऊन आले. पेटीचं माप 200 लिटर लिहिलेलं. पोर्ट, आतल्या आधारपट्ट्या आणि स्पीकरचा मागचा भाग यांनी खाल्लेली जागा त्यातून वजाच केली नव्हती. हिशेब केला तर सुमारे 42 लिटर भरली. हवा कमी, म्हणून स्प्रिंग ताठ, म्हणून ट्यूनिंग वर.

अब्बांनी स्वतः फोन लावला. 'बेटा, चूक माझीच आहे. पेटी घेऊन जा म्हणून नाही, दुरुस्त करून देतो म्हणून फोन केला.' पोर्ट लांबवला, पुन्हा मोजलं, 40 आलं. फाटलेल्या स्पीकरचे पैसे त्यांनी बाकीतून वळते केले.

मला वाटलं, विषय संपला. रात्री वही पुन्हा उघडली. त्याच मापाच्या आणखी सहा पेट्या गावोगाव गेल्या होत्या.

'त्यांची तर तक्रार नाही,' मी म्हटलं.

'तक्रार नाही. चूक आहे ना?' अब्बा म्हणाले. 'उद्या लॅपटॉप चार्ज करून ठेव.'