गॅस गेला कुठं?

नवतपा लागला की नागपूरची दुपार अंगावर येते. रस्ते ओस पडतात, कुत्री नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडतात, आणि गल्लीभर कूलरची घरघर चालू असते. वाळ्याच्या ताट्यांचा तो ओला, मातकट वास मला आजही एसीच्या गारव्यापेक्षा जवळचा वाटतो. पण घरातल्या पोरांना कूलरच्या आवाजात झोप येईना, म्हणून एसी आला. त्याच्यासोबत धास्तीही आली: ऐन मे महिन्यात हा गार करेनासा झाला तर?

आणि झालंच तसं. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, झोतही येतोय, पण त्या झोतात दम नाही. घरातल्या प्रत्येकानं रिमोट हातात घेऊन आकडा 16 वर नेला. साधा एसी त्यानं काही जास्त गार हवा फेकत नाही, नुसता चालत राहतो आणि मीटर पळवतो.

मेकॅनिक आला. खुर्चीवर न चढता, खालूनच वर पाहत म्हणाला, "गॅस कमी झाला जी. भरा लागते."

"गेला कुठं पण?" मी विचारलं. तो नुसता हसला.

एसीतला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. घरातल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते, ती होताना तो खोलीतली उष्णता उचलतो. बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होताना ती बाहेरच्या हवेत सोडतो. यात संपण्यासारखं काहीच नाही. कमी झाला असेल तर कुठला तरी सांधा गळतोय, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय नळीवर बर्फ दिसला म्हणजे गॅसच गेला, असंही नाही. घरातल्या युनिटची जाळी धुळीनं बुजली, कॉइलवरून हवा फिरेनाशी झाली, तरी बर्फ धरतो. तो चाकूनं खरवडू नये. नुसता पंखा चालू ठेवला की वितळतो. आमच्याकडे बर्फ नव्हता. जाळी काढून धुतली, फरक पडला तो जेमतेम.

एसी गार करेनासा झाला की आमचे मुंबईचे पाहुणे लगेच त्याचं पाणी सोडणाऱ्या गच्चीवरच्या नळीकडे पाहतात आणि पाणी का पडत नाही म्हणून काळजीत पडतात. मे महिन्यात नागपूरच्या हवेत पाणी असतंच कुठं? विलिस कॅरियर नावाच्या इंजिनिअरनं 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी एसीचं हे यंत्र आखलं, तेव्हा दमट हवेनं कागद फुगून रंग सरकत होते. त्याला हवेतलं पाणीच काढायचं होतं, माणसं गार करणं नंतरचं. आमची नळी जुलैत वाहते, मे महिन्यात कोरडी असते. तो बिघाड नाही.

खरा प्रकार गच्चीवर होता. दीड टनाचा एसी म्हणजे 24 तासांत दीड टन बर्फ वितळवू शकेल एवढी उष्णता घरातून उपसून बाहेर टाकणारं यंत्र. ती टाकायची 45 अंशांच्या हवेत, आणि त्यासाठी त्या हवेला आधी आत शिरू तर दिलं पाहिजे! शेजारच्या सावरीची बोंडं एप्रिलमध्ये फुटतात. तिचा कापूस उडत येऊन बाहेरच्या युनिटच्या मागच्या बाजूला चिकटला होता, त्यावर रस्त्याची धूळ बसली होती. कागदाएवढ्या पातळ ॲल्युमिनियमच्या पात्यांवर करड्या नमद्याचा थर. बोटानं कड उचलली तर अख्खा पापुद्रा हातात आला. आत कापसात गुरफटलेलं काळं बी आणि कबुतराची दोन पिसं. वरच्या पात्या स्वच्छ, खालच्या दिसतही नव्हत्या.

मेन स्विच बंद करून मऊ ब्रशनं उरलेला कापूस काढला आणि पाण्याची बारीक धार सोडली. जोराची धार नको, पात्या वाकतात. झाकण उघडून आतल्या कपॅसिटरला मात्र मी हात लावला नाही. वीज बंद केल्यावरही तो झटका देऊ शकतो, ते काम जाणकाराचंच. पात्या वाळल्यावर एसी सुरू केला. घरातल्या युनिटमध्ये शिरणाऱ्या आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या हवेत 10 अंशांच्या आसपास फरक दिसायला लागला, म्हणजे गॅस होता तिथंच होता.

तुम्हालाही कुणी "भरा लागते" म्हणालं, तर आधी जाळी आणि गच्ची पाहून घ्या. तरीही तो गॅसवरच अडून बसला, तर सांध्यांना साबणाचा फेस लावायला सांगा, बुडबुडा कुठं येतो ते स्वतः बघा, गळती बुजवून घ्या, आणि मगच पैसे द्या.