एकाच मातीची दोन पुस्तकं

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही कादंबरी आणि शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) हे आत्मकथन पाठोपाठ वाचल्यावर माझं मत पक्कं झालं: कादंबरी आणि आत्मकथन यांत खरं काय, हा वादच चुकीचा आहे. दोन्ही लेखक माणदेशातल्या आटपाडीच्या मुलखातले. ‘बनगरवाडी’त तरुण मास्तरांच्या नजरेतून धनगरांची वाडी दिसते. गावकरी तालीम उभी करतात आणि पुढे दुष्काळात तीच वाडी ओस पडते. हा एक तपशील दुष्काळाच्या कोणत्याही अहवालाहून खोल रुततो. पण तराळकीची, म्हणजे गावकीच्या सक्तीच्या कामांची, राबणूक अंगावर घेणाऱ्या घराला असंच माणदेशी गाव कसं दिसतं, ते खरातांकडूनच कळतं.

कुणी म्हणेल, आत्मकथन म्हणजे साक्ष आणि कादंबरी म्हणजे कल्पना. मग दोन्हींना एका पंगतीत कसं बसवायचं? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. आठवणी लिहिणाराही निवड करतोच, आणि कादंबरीकाराची कल्पनाही पाहिलेल्या जगण्यावरच पोसते. फरक आहे तो जबाबदारीचा. खरात स्वतःच्या नावानिशी अन्यायाची साक्ष देतात. माडगूळकर अख्ख्या वाडीचं सुखदुःख एका कथेत बांधतात. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

या पुस्तकांतला दुष्काळी मुलूख आता बदलला आहे: टेंभू सिंचन योजनेने कृष्णेचं पाणी कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या शिवारात आणलं. नव्या पिढीला कोरडा काळ आणि त्यातली जातीची उतरंड आता पुस्तकांतूनच कळणार आहे. म्हणून इथल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात ही दोन्ही पुस्तकं हवीत, आणि ती मुलांच्या हातात पडायला हवीत.