खडकीच्या शोधात

शहराचे नाव काय, हा प्रश्न आमच्या गावात आता साधा राहिलेला नाही. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. त्याआधी तीन दशकांहून अधिक काळ हा वाद दर निवडणुकीला उकरून काढला जाई. एक बाजू एक नाव घेऊन उभी राही, दुसरी बाजू दुसरे. या ओढाताणीत शहराचे पहिले नाव मात्र फारसे कुणाच्या ओठांवर आले नाही. ते नाव म्हणजे खडकी. १६१० मध्ये हे शहर वसवणारा मलिक अंबर मोगलही नव्हता आणि मराठाही नव्हता. तो हबशी होता, इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला.

आम्ही चार-पाच मित्र आहोत. कुणी शाळामास्तर, कुणी बँकेत, एकाचे पैठण गेटला कपड्यांचे दुकान. रविवारी फजरची नमाज झाली की आम्ही जुन्या शहरात पायी फिरतो. हातात कॅमेरा नसतो की वही नसते. टपरीवर चहा घ्यायचा, एखाद्या दरवाजापाशी थांबायचे, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचे, एवढाच आमचा कार्यक्रम. पण या फिरण्यातून शहर आम्हांला जसे कळले, तसे ते कोणत्याही सभेतल्या भाषणातून कळले नव्हते.

मलिक अंबर म्हटले की पुष्कळांना परीक्षेतली जमीन महसूल पद्धतीवरची टीप तेवढी आठवते. त्या टिपेमागचा माणूस हरवून जातो. लहानपणी त्याचे नाव चापू होते. बाजारातून बाजारात विकला जात तो बगदादला आणि तिथून दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. गंमत अशी, की हा चंगेजखानही एकेकाळी हबशी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा बुडालेली निजामशाही यानेच पुन्हा उभी केली आणि पुढे मरेपर्यंत, म्हणजे १६२६ पर्यंत, मोगलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिले नाही. जहांगीर त्याच्यावर इतका चिडून होता, की त्याच्या दरबारातल्या चित्रकाराने बादशहा अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर बाण सोडतो आहे असे चित्र काढले. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. अंबर वार्धक्याने मेला आणि खुलताबादला दफन झाला.

भडकल गेट त्याचेच. १६१२ च्या सुमारास, मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून त्याने ते बांधले. आम्ही त्या कमानीखाली उभे राहतो तेव्हा एक गोष्ट मनात येतेच. मुसलमान म्हणजे मोगल, हे समीकरण इतरांनी आमच्या माथी मारले आणि आमच्यातल्या अनेकांनी ते निमूटपणे स्वीकारले. पण या शहराचा पहिला मोठा दरवाजाच मोगलांना हरवल्याच्या आनंदात उभा राहिला आहे! त्या दरवाजाजवळच बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तिथे माणसांचा समुद्र लोटतो. माणसाला गुलाम मानणाऱ्या व्यवस्थेशी लढलेला महापुरुष आणि गुलामीतून वर आलेल्या माणसाचा दरवाजा एकमेकांच्या शेजारी आहेत, हा योगायोग आम्हांला फार मोलाचा वाटतो.

अंबरच्या शहरात एकटे मुसलमान राहत नव्हते. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही जुन्या पुऱ्यांची नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडली असे सांगतात. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी त्याच लढाईत कामी आले. शहाजी आणि शरीफजी ही नावेसुद्धा नगरच्या शाह शरीफ दर्ग्यावरून ठेवलेली, अशी परंपरा आहे. तेव्हा या शहराच्या मातीत कुणाचा इतिहास कुठे संपतो आणि कुणाचा कुठे सुरू होतो, हे फावड्याने वेगळे काढता येणार नाही.

सगळ्यात जास्त आम्हांला ओढ लागली ती नहरीची. नहर-ए-अंबरी म्हणजे डोंगरातले पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणणारी वाट. मध्ये मध्ये दगड-चुन्याचे उंच खांब बांधलेले. लोक त्यांना बंबे म्हणतात. एका गल्लीत अशाच बंब्याला हात लावून आम्ही उभे होतो, तेव्हा समोरच्या घरातून एक वृद्ध खाला बाहेर आल्या. म्हणाल्या, "बचपन में हम इसको कान लगाके पानी की आवाज सुनते थे, बेटा. अब तो बच्चों को मालूमच नहीं ये क्या है." बंब्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली होती. ज्या शहरात लोक नळाच्या पाण्याची दिवसेंदिवस वाट पाहतात, तिथे ही जाहिरात आम्हांला फारच बोचली.

अशाच एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की चाले. बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडच्या मुलखातून आलेले नक्षबंदी सूफी. त्यांच्या तकियात फकीर, वाटसरू आणि विद्यार्थी यांच्या पिठाची सोय व्हावी म्हणून पाण्याच्या धारेवर जाते फिरवले गेले. पर्यटक ते जाते पाहून परततात. पण गुलाम अली आझाद बिलग्रामी यांच्यासारखा अरबी-फारसीचा पंडित इथे राहून ग्रंथ लिहीत होता, हे त्यांना कोण सांगणार?

कवींचे तर विचारूच नका. उर्दू गझलेचा आद्य पुरुष वली याच शहरचा मानतात. त्याची अहमदाबादेतली मजार २००२ च्या दंगलीत जमीनदोस्त झाली आणि तिच्यावरून डांबरी रस्ता गेला. सिराज औरंगाबादी मात्र इथेच जगला आणि इथेच मातीआड झाला. १९१३ मध्ये मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय अलीगढहून इथे आणले, आणि काही काळ साऱ्या हिंदुस्थानातल्या उर्दूचा कारभार या गावातून चालला. आमच्या मोहल्ल्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना यातले एकही नाव माहीत नाही. त्यांना औरंगजेब माहीत आहे, कारण त्याच्यावरून त्यांना रोज टोमणे ऐकावे लागतात.

आम्हांला काळजी वाटते ती इथेच. पाटीवरचे नाव बदलणे आमच्या हातात नव्हते. दरवाजे रस्तारुंदीत पडले, तेही आमच्या हातात नव्हते. पण आपल्या मुलांना काय सांगायचे, हे तर आपल्याच हातात आहे. शहराचा इतिहास म्हणजे एका बादशहाची फिर्याद आणि तिचे उत्तर, एवढेच आपण त्यांच्या पदरात घालणार असू, तर ती उरलेले आयुष्य जबाब देण्यातच घालवतील. त्यांना अंबर द्यावा, वली-सिराज द्यावेत, मुसाफिरबाबांचे जाते द्यावे. आणि हे सारे मराठीत द्यावे, म्हणजे वर्गातल्या शेजारच्या बाकावरच्या मुलालाही ते आपले वाटेल.

गेल्या काही रविवारांपासून आम्ही मोहल्ल्यातली आठ-दहा मुले बरोबर नेतो. पहिल्या दिवशी ती मोबाईलमध्ये बघत मागे मागे चालत होती. मागच्या खेपेला त्यांतल्या एका पोराने बंब्यावरची ती जाहिरात नखाने खरवडून काढली आणि दगडाला कान लावला. आत आवाज नव्हता. "पानी किधर से आता था?" त्याने विचारले. आता पुढच्या रविवारी त्याला घेऊन उत्तरेच्या डोंगराकडे जायचे ठरले आहे.