धक्का बंपरला, दुखणं गिअरला

गाडीला धक्का लागला की घरातले सगळे आधी बाहेरचा पत्रा बघतात. बंपर चेपला, दिवा फुटला, रंग गेला, एवढाच हिशेब मांडला जातो. पत्रा सरळ झाला की गाडी बरी झाली असं समजतात. पण गाडी दहा-बारा वर्षांची असेल तर खरं दुखणं कधी कधी चार दिवसांनी गिअरच्या दांड्यात जाणवतं, आणि मग खर्चाचा आकडा ऐकून घरात वाद सुरू होतात.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात असंच झालं. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, बायको शिक्षिका. तेरा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी मुख्यतः तीच चालवायची. सासूबाईंना सफदरजंग रुग्णालयात तपासणीला न्यायचं, मुलीला शिकवणीला सोडायचं, सगळं त्याच गाडीतून. एका संध्याकाळी मागे येणाऱ्या टेम्पोचा कोपरा गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूवर बसला. कुणाला खरचटलंही नाही. बंपर आणि दिवा पदरच्या पैशांनी बदलून गाडी घरी आली.

दोन दिवसांनी दुसरा गिअर अडू लागला. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की दांडा आपोआप न्यूट्रलला यायचा. मुनिरकाच्या फ्लायओव्हरवर ऐन गर्दीत असं झालं, तेव्हा मागच्या सीटवर सासूबाई बसलेल्या होत्या.

गॅरेजवाल्यानं पाच मिनिटांत निकाल दिला, ‘‘मॅडमजी, गिअरबॉक्स गेला. खाली उतरवावा लागेल. काळजी करू नका, क्लच प्लेटसकट सगळं इन्शुरन्समध्ये घालून देऊ.’’

नवऱ्याला ते पटलं. ‘‘अगं, पैसे कंपनी देणार. आपलं काय जातं?’’

‘‘अहो, क्लच प्लेट तेरा वर्षांच्या चालवण्यानं झिजली असेल, तर ती टेम्पोच्या माथी कशी मारायची? आणि गिअरबॉक्स बिघडलाय, हे अजून पाहिलंय कुणी?’’

मग जवळच्याच मोहम्मदपूर गावातल्या एका वयस्क मिस्त्रीला गाडी दाखवली. त्यानं पान्याला हात न लावता आधी प्रश्न विचारले. कुठला गिअर अडतो? इंजिन चालू असताना, की बंद असतानाही? निसटतो तो जोर देताना, की पाय उचलताना? गाडी चालवणाऱ्या बाईला हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं!

या प्रश्नांतच अर्धं निदान असतं. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, पण चालू केल्यावर अडतात किंवा रिव्हर्स टाकताना खरखर होते, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नसल्याची शक्यता जास्त. इंजिन बंद असतानाही, गाडी किंचित पुढेमागे ढकलूनही गिअर अडत असेल, तर दोष दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळईत किंवा केबलमध्ये, इंजिनाच्या माउंटिंगमध्ये, नाहीतर गिअरबॉक्सच्या आत असतो.

या गाडीत गिअर बंद इंजिनावरही अडत होता. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि हँडब्रेक व पायाचा ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं. समोर कुणाला उभं राहू न देता त्यानं पहिल्या आणि मग रिव्हर्स गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला लावला. इंजिन जागच्या जागी उसळलं. बऱ्याच छोट्या गाड्यांत गिअरबॉक्स डाव्या बाजूला असतो. त्याला धरणारं रबराचं माउंटिंग फाटलं होतं, ब्रॅकेट वाकलं होतं. इंजिन सरकलं की गिअरची केबल ओढली जायची. तेल गळत नव्हतं, गिअरबॉक्सला तडा नव्हता. माउंटिंग आणि ब्रॅकेट बदलून केबल जुळवल्यावर गिअर नीट पडू लागले.

विम्याचा हिशेबही नवरा-बायकोनं कागदावर मांडला. नेहमीच्या सर्वंकष पॉलिसीत रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर धातूच्या भागांवरही 50 टक्के. सामान्य झीज आणि यांत्रिक बिघाड तर विम्यात बसतच नाहीत. शिवाय सलग पाच वर्षं दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात 50 टक्के सूट मिळते, ती एका छोट्या दाव्यानं जाते. त्यांनी दावा केला नाही. नुकसान मोठं असतं तर मात्र दुरुस्तीपूर्वीच कंपनीला कळवून सर्व्हेअरला गाडी दाखवायला हवी होती.

माउंटिंग आणि केबल ठीक करूनही गिअर निसटत असेल, आतून आवाज येत असेल किंवा तेलात धातूचा चुरा दिसत असेल, तर गिअरबॉक्स उघडण्याला पर्याय नाही. पण ती शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. म्हणून धक्क्यानंतर गाडी गॅरेजमध्ये नेण्यापूर्वी कुठला गिअर, केव्हा आणि कसा अडतो, हे चार ओळींत लिहून न्यावं. गाडीची तक्रार सर्वांत नेमकी सांगू शकतो तो रोज चालवणाराच, आणि अनेक घरांत ती गृहिणी असते.